लिव्हिंगस्टनच्या वह्या आणि शरणपूरचा जेकब

थोर माणसाची रोजनिशी वाचताना ती आपल्या हाती कशी आली, हा प्रश्न सहसा आपण विचारीत नाही. छापलेले पुस्तक असते, वर लेखकाचे नाव असते, आत संपादकाची प्रस्तावना असते. तेवढ्यावर आपले भागते. डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनऱ्याच्या अखेरच्या रोजनिशीबाबत मात्र तेवढ्यावर भागत नाही. ती लिहिणारा माणूस १८७३ सालच्या मे महिन्याच्या आरंभी आफ्रिकेच्या पोटात, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी एका गवती झोपडीत मेला. जवळ दुसरा गोरा माणूस नव्हता. समुद्र हजार मैलांहून दूर. अशा ठिकाणी वह्या कुजतात, वाळवी खाते किंवा त्यांच्या कागदांत कोणी तंबाखू बांधतो. या वह्यांचे तसे झाले नाही. काळ्या माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून त्या किनाऱ्याला आल्या आणि १८७४ च्या अखेरीस लंडनला त्यांचे दोन खंडांचे पुस्तक निघाले.

ही काळी माणसे कोण, असे विचारले की इंग्रजी चरित्रे एका शब्दात उत्तर देतात: विश्वासू नोकर. वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनला पुरले आहे. त्यावरच्या शिळेवरही, विश्वासू हातांनी त्याला भूमीवरून आणि समुद्रावरून आणले, असे लिहिले आहे. हात म्हटले की नाव द्यावे लागत नाही. गावगाड्यात आपणही हातच होतो, पायच होतो. हा शब्द वाचला तेव्हा मी थबकलो आणि या हातांची नावे शोधू लागलो. शोधता शोधता थेट नाशिकला येऊन पोहोचलो.

नाशिकला शरणपूर रोड आहे. त्या रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या हजारो लोकांना शरणपूर हे नाव कशाचे, हे ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती लोकांची वसाहत वसवली. १८६० च्या सुमारास तिथेच आफ्रिकन मुलांसाठी आश्रम निघाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम नेणारी गलबते इंग्रज आरमार पकडी. त्यांवरच्या पोरांना मुंबईत उतरवीत. आईबाप कुठे, गाव कुठले, हे त्या पोरांना सांगता येत नसे, आणि आले तरी परत पोचवणार कोण? त्यांतली पुष्कळशी मिशनकडे दिली गेली. मिशनने त्यांना बाप्तिस्मा दिला, इंग्रजी शिकवले, सुतारकी-लोहारकी शिकवली आणि इंग्रजी नावे दिली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार, एडवर्ड गार्डनर ही नावे अशी गोदावरीकाठी मिळालेली आहेत. जेकब हा याओ जमातीचा. त्याचे मूळ नाव आपल्याला सांगता येत नाही.

ज्या नाशकात पुढे १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, त्याच नाशकात सत्तर वर्षे आधी गुलामगिरीतून सुटलेली पोरे पाटीवर अक्षरे गिरवीत होती, याची नोंद आपल्या इतिहासलेखनाने ठळकपणे घ्यायला हवी होती. घेतली नाही. आपणही घेतली नाही, हे आधी कबूल करतो.

लिव्हिंगस्टनचा मुंबईशी संबंध त्याच्या चरित्रात दोन ओळींत उरकला जातो, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो. १८६४ साली तो झांझिबारहून 'लेडी न्यासा' ही छोटी आगबोट स्वतः हाकीत मुंबईला आला. बोटीवर चुमा आणि वेकातानी ही दोन आफ्रिकन मुले होती. त्यांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. पुढच्या साली तो पुन्हा आला आणि बोट २३०० पौंडांना विकली. ते पैसे ज्या पेढीत ठेवले ती बुडाली. या खेपेला त्याने मरीन बटालियनमधले तेरा शिपाई घेतले, उंट घेतले, म्हशी घेतल्या, आणि नाशिकच्या आश्रमातून नऊ तरुण घेतले. १८६६ च्या जानेवारीत हा सारा लवाजमा मुंबईहून निघाला. शिपाई काही महिन्यांतच निकामी ठरले व त्यांना परत धाडले. जनावरे मेली. नाशिकच्या पोरांविषयी रोजनिशीत जागोजाग कुरकूर आहे: आळशी आहेत, चोऱ्या करतात, मागे रेंगाळतात. ही कुरकूर वाचताना मला आपल्याकडच्या जमीनदाराची चोपडी आठवते. गड्याचा आळस तीत रोज लिहिलेला असतो, गड्याचा ताप मात्र क्वचित लिहिलेला असतो.

पण लिव्हिंगस्टनवर अन्याय करून चालणार नाही. तो जमीनदाराच्या घरचा नव्हता. स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरला, कापडगिरणीच्या चाळीत, एका खोलीच्या घरात तो वाढला आणि दहाव्या वर्षी गिरणीत कामाला लागला. गुलामांच्या व्यापाराचा त्याला मनापासून तिटकारा होता. गळ्यात लाकडी जोखड अडकवलेल्या माणसांच्या रांगा, चालवेना म्हणून झाडाला बांधून सोडून दिलेली बाई, हे त्याने पाहिले आणि लिहिले. त्या लेखनाने इंग्लंडात खळबळ उडाली आणि १८७३ साली झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद पडण्यास त्याचा हातभार लागला. हे श्रेय त्याचे आहे आणि ते काढून घेण्यात मला रस नाही. माझा प्रश्न वाङ्मयीन आहे. या माणसाचे म्हणून जे लेखन आपल्यापुढे येते, ते कितपत त्याचे आहे? आणि ते टिकवण्यात ज्यांचे श्रम गेले त्यांचा त्या लेखनात वाटा कोणता?

त्याची लिहिण्याची रीत अशी होती. वाटेने चालताना खिशातल्या लहान वह्यांत तो टिपणे करी. मुक्कामाला सवड मिळाली की ती मोठ्या, कुलूप असलेल्या वहीत सुधारून उतरवी. १८७१ साली तो कांगो नदीच्या बाजूला अडकला. वह्या संपल्या, शाई संपली. तेव्हा त्याने एका झाडाच्या बियांपासून लाल रंग काढला आणि जुन्या वर्तमानपत्राच्या छापील ओळींवर आडवे लिहू लागला. 'द स्टँडर्ड' नावाचे १८६९ सालचे वर्तमानपत्र होते ते. पुढे शाई विटली, छापील ओळी मात्र काळ्याच्या काळ्या राहिल्या, आणि कित्येक पानांवरचे त्याचे अक्षर डोळ्यांना दिसेनासे झाले. ती पाने ब्लँटायरच्या संग्रहालयात व एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पडून होती. २०१० साली आड्रियन विस्निकी या अभ्यासकाने शास्त्रज्ञांच्या मदतीने वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात त्यांची छायाचित्रे घ्यायला आरंभ केला आणि २०११ साली ही रोजनिशी सर्वांसाठी खुली झाली. एकशे चाळीस वर्षांनी मजकूर वर आला.

वर काय आले? १५ जुलै १८७१ ला न्यांग्वे गावच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी गोळीबार केला. बाजारात बहुतेक बायका होत्या. त्या नदीकडे पळाल्या. किती बुडाल्या, किती गोळीने मेल्या, याचा नक्की आकडा नाही. तीन-चारशे असाव्यात, असे व्यापाऱ्यांनीच सांगितले. ही हकीकत छापील पुस्तकात आहे आणि ती वाचून कोणाचाही जीव गलबलेल. पण छापील हकीकत नंतर मोठ्या वहीत उतरवलेल्या मजकुरावरून घेतलेली आहे. वर्तमानपत्रावरच्या मूळ टिपणाशी ती ताडून पाहिल्यावर अभ्यासकांच्या ध्यानात आले की, मधल्या काळात मजकूर बदलला आहे. लिव्हिंगस्टनच्या तांड्यातल्या माणसांचा आसपासच्या हिंसेशी काही संबंध होता की काय, या संशयाला मूळ टिपणात जागा आहे. नंतरच्या वहीत ती जागा बुजली आहे.

ही तांड्यातली माणसे कोण, तेही सांगायला हवे. झांझिबारच्या इंग्रज वकिलाने मदत म्हणून जी माणसे पाठवली, त्यांतली दहा जण त्याच्यापर्यंत पोचली. रोजनिशीत त्यांना 'बनियांचे गुलाम' म्हटले आहे. बनिया म्हणजे आपल्याकडचेच. झांझिबारच्या जकातीचा मक्ता जैराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता आणि सारा किनारा हिंदी सावकारांच्या पैशावर चाले. घरी मुंगी मरू नये म्हणून जपणारा आणि पलीकडे माणसांच्या व्यापाराला भांडवल पुरवणारा हा धर्म आपल्याला नवा नाही. अस्पृश्यतेचा प्रश्न परदेशी व्यासपीठावर निघाला की आपले पांढरपेशे विद्वान 'गुलामगिरी तर पाश्चात्त्यांची' असे म्हणून मोकळे होतात. त्यांनी ही रोजनिशी वाचावी.

रोजनिशीला दुसरी कात्री लागली ती होरेस वॉलर या संपादकाची. वॉलर पाद्री होता, गुलामगिरीविरोधी चळवळीतला होता, लिव्हिंगस्टनचा स्नेही होता. त्याने काय गाळले, काय मऊ केले, याचा तपशील डोरोथी हेली यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवला आहे. वॉलरला एक संत उभा करायचा होता. चळवळीसाठी त्याला तो हवा होता. चळवळीत काम करणाऱ्यांनी हा मोह ओळखावा. आपणही आपल्या माणसांची पत्रे, भाषणे छापताना 'हे वाक्य नको, विरोधक फायदा घेतील' असे म्हणत नाही काय? वॉलरचा हेतू वाईट नव्हता. पण संत उभा राहिला की त्याच्या भोवतीच्या माणसांना भक्त व्हावे लागते.

आणि तसेच झाले. चुमा व सुसी हे लिव्हिंगस्टनचे जुने सोबती १८७४ साली इंग्लंडला गेले आणि अखेरच्या दिवसांची हकीकत त्यांनी वॉलरला तोंडी सांगितली. पुस्तकाचा शेवटचा भाग त्या सांगण्यावर उभा आहे. लिव्हिंगस्टनने २७ एप्रिलला शेवटची नोंद केली. त्यानंतरचे जे काही आहे, ते मृताच्या लेखणीतून येणे शक्यच नाही. खाटेशी गुडघे टेकून, ओंजळीत चेहरा घेऊन प्रार्थना करताना मृत्यू आला, हे जगभर गाजलेले चित्र या तोंडी साक्षीतून, पण वॉलरच्या इंग्रजीतून आलेले आहे. शाळेत असताना एका चरित्रात मी हे चित्र पाहिले होते. झोपडीच्या दारात काळी माणसे हात जोडून उभी, आत उजेड. ज्यांनी सांगितले ते चित्रात मुके झाले आहेत. वास्तविक त्या प्रकरणांचे ते सहलेखक आहेत. साक्ष देणाऱ्याला लेखक मानायचे नाही आणि लिहून घेणाऱ्याला मानायचे, ही रीत आपल्या लोकसाहित्याच्या संग्राहकांनीही इमानाने पाळली आहे.

आता त्या प्रवासाकडे येतो. यात जेवढे नाट्य आहे तेवढे लिव्हिंगस्टनच्या तीस वर्षांच्या भ्रमंतीत नसेल. मृत्यूनंतर माणसे एकत्र बसली. त्यांनी ठरवले की प्रेत आणि कागद दोन्ही झांझिबारला न्यायचे. प्रथम सामानाची यादी झाली. पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या आणि जेकब वेनराइटने लिहून घेतले: घड्याळ, टोपी, मोजणीची यंत्रे, थोडीशी नाणी. मग फराजाला नावाच्या माणसाने प्रेत चिरले. झांझिबारला एका डॉक्टरकडे चाकरीला असताना त्याने हे काम पाहिले होते. आतडी-काळीज पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरले. जेकबने ख्रिस्ती विधीची प्रार्थना वाचली. प्रेतात मीठ भरून चौदा दिवस ते उन्हात वाळवले, कापडात गुंडाळले, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातले, वरून शिडाचे कापड शिवले आणि दांडीला बांधून दोघांनी खांद्यावर घेतले.

गावोगाव अडवणूक झाली. प्रेत घेऊन हद्दीतून जाऊ देणार कोण? एका ठिकाणी तर त्यांनी युक्ती केली. धान्याच्या ताटांचा भारा बांधून त्याला प्रेतासारखे गुंडाळले आणि 'आम्ही ते परत नेऊन पुरतो' असे सांगून सहा जणांना उलट्या दिशेने पाठवले. त्यांनी रानात तो भारा उधळून टाकला. इकडे खरे प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून व्यापारी मालाच्या रांगेत चालू लागले. त्याच वाटेवर लोसी नावाची दहा वर्षांची पोर, डोक्यावर पाण्याचे भांडे घेऊन चालताना, साप चावून दहा मिनिटांत मेली. तांड्यात बायका होत्या, हलिमा होती, न्ताओएका होती, पोरे होती. लोसीच्या मृत्यूला वॉलरच्या पुस्तकात चार-दोन ओळी मिळाल्या. त्या मिळाल्या हेच पुष्कळ म्हणायचे.

उन्यान्येंबेला कॅमरन हा इंग्रज अधिकारी भेटला. तो लिव्हिंगस्टनच्या मदतीसाठीच निघाला होता. त्याने सल्ला दिला की प्रेत इथेच पुरा. गोऱ्या साहेबाचा सल्ला या 'नोकरां'नी धुडकावला. कॅमरनने लिव्हिंगस्टनची काही यंत्रे स्वतःच्या कामासाठी काढून घेतली. ती मात्र त्यांना अडवता आली नाहीत. १८७४ च्या फेब्रुवारीत तांडा बागामोयोला समुद्रावर पोचला. तिथे त्यांना मजुरी चुकती करून वाटेला लावले. प्रेताबरोबर विलायतेला एकटा जेकब गेला, कारण त्याचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने सोसला. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पुढे सर्वांसाठी पदके पाडली. पण तोवर माणसे पांगली होती आणि कित्येकांना ती मिळालीच नाहीत.

हे त्यांनी का केले? निष्ठा, हे वॉलरचे उत्तर आणि नंतरच्या दीडशे वर्षांतल्या पाठ्यपुस्तकांचे उत्तर. हे मला अपुरे वाटते. १८६६ साली मूसा व त्याचे जोहाना बेटावरचे साथीदार लिव्हिंगस्टनला सोडून पळाले आणि 'साहेब मारला गेला' अशी खोटी बातमी त्यांनी झांझिबारला दिली. ती खोटी आहे हे शोधायला १८६७ साली इंग्लंडहून मोहीम काढावी लागली. तेव्हापासून काळ्या माणसाने आणलेल्या मृत्यूच्या बातमीची किंमत शून्य झाली होती. चितांबोच्या गावी बसलेल्या माणसांना हे पुरते ठाऊक होते. रिकाम्या हातांनी गेलो तर 'तुम्हीच मारले, तुम्हीच सोडून पळालात' हाच आरोप येणार. म्हणून पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या, म्हणून यादी केली, म्हणून वही न् वही जपली. ज्यांच्या शब्दाला किंमत नाही, त्यांना पुरावा वाहून न्यावा लागतो.

आपल्याकडे मढ्याचा सांगावा महारानेच न्यायचा. पंचवीस-तीस मैल रानातून रात्री-अपरात्री जायचे, दारात लांब उभे राहून बातमी द्यायची. त्याच्या तोंडी बातमीवर सोयरे निघत. तिथे त्याचा शब्द चाले, आणि चावडीत तोच शब्द साक्ष म्हणून चालत नसे. ही तुलना मी फार ताणणार नाही. जेकबचे सोबती मजुरीवर होते, वेठीला नव्हते. त्यांच्या कपाळी जन्माचे काम लिहिलेले नव्हते. पण ओझे वाहणाऱ्याला ओझ्यातला मजकूर कळत नाही हे जे सवर्ण गृहीत आहे, ते दोन्हीकडे सारखे आहे. आणि ते जेकबने खोटे पाडले.

कारण जेकब लिहीत होता. ४ मे १८७३ पासून फेब्रुवारी १८७४ पर्यंतची त्याची स्वतःची रोजनिशी आहे. १८७४ सालीच जर्मन भूगोलज्ञ पेटरमान यांच्या नियतकालिकात तिचे जर्मन भाषांतर छापले गेले. वॉलरच्या इंग्रजी पुस्तकात मात्र तिला स्वतंत्र स्थान नव्हते. मूळ इंग्रजी हस्तलिखित राहिले, पण त्याकडे लक्ष कोणाचे जाणार? थोराच्या संग्रहालयातली ती एक किरकोळ वस्तू. २०१९ साली, म्हणजे एकशे पंचेचाळीस वर्षांनी, ते छायाचित्रांसह जगापुढे आले. नाशिकचाच दुसरा विद्यार्थी कॅरस फरार याचे टिपण १९५० साली युगांडातल्या एका नियतकालिकात छापले गेले. म्हणजे या मृत्यूच्या किमान दोन लिखित साक्षी शरणपूरच्या शाळेने घडवलेल्या आहेत. बाकी कोणाची लिखित साक्ष आहे? गोऱ्याची एकही नाही.

जेकबच्या वहीविषयी मी एका कार्यकर्त्या मित्राला उत्साहाने सांगितले. त्याने विचारले, "विद्रोह आहे का तिच्यात?" नाही. उलट वाटेवरच्या आफ्रिकन लोकांविषयी त्याचा सूर तुटक आहे, कित्येकदा तुच्छतेचा आहे. तो स्वतःला त्यांच्यातला समजत नाही. मिशनच्या शाळेने त्याला अक्षर दिले, तसा मिशनचा डोळाही दिला. मित्र म्हणाला, "मग हे गुलामाचे साहित्य. आपल्याला काय करायचे?"

मला हा निर्णय घाईचा वाटतो. दलित समीक्षेने प्रस्थापितांच्या कसोट्या नाकारल्या ते योग्यच केले. पण त्यांच्या जागी आपण एकच कसोटी ठेवली आणि तीही वरून लावू लागलो, तर आपल्या आधीच्या पिढ्यांचे लेखन आपल्याच हातांनी बाद होईल. जेकब कोणासाठी लिहीत होता हे पाहावे. वाचणार ते मिशनचे लोक, भूगोलाचे विद्वान. त्यांच्या भाषेत लिहिले तरच तो साक्षीदार ठरणार. अशा लेखनात बंड शब्दांत सापडणार नाही. ते कृतीत शोधावे लागते: कोणी सांगितले नसताना वही उघडणे, तारीख घालणे, मोजणे, यादी करणे. आणि त्याच्या तुच्छतेवर पांघरूण घालण्याचेही कारण नाही. पकडून आणलेल्या पोराला स्वतःच्या माणसांविषयी लाज वाटायला लावणारे शिक्षण कसे काम करते, याचा तो दस्तऐवज आहे. शिकून वस्ती सोडलेल्या आपल्यातल्या कित्येकांनी तो स्वतःशी ताडून पाहावा. मी पाहिला. सुखाचा अनुभव नव्हता.

जतनाविषयी एक कटू गोष्ट उरते. मिशनऱ्यांनी कागद जपले. आपल्या सोयीने जपले, आपल्या गौरवासाठी जपले, पण जपले. १८५५ साली फुले यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो आज आपल्याला वाचता येतो, कारण अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'ने तो त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चच्या दोन अंकांत छापला आणि ते अंक कोणी तरी सांभाळले. तिची दुसरी ओळ आपल्याजवळ नाही. तिने नंतर काहीच लिहिले नसेल? की लिहिले आणि सांभाळायला पेटी नव्हती? आणि आजचे काय? बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड १९७९ पासून शासन काढीत आहे. ते छापण्यासाठी घेतलेला कागद गोदामात पडून असल्याची बातमी वाचून २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. एका मिशनऱ्याच्या विटलेल्या शाईसाठी निरनिराळ्या रंगांचे प्रकाश लावले जातात. त्याचे मला वैषम्य नाही. पण आपल्या गावोगावच्या मंडळांच्या इतिवृत्तांच्या वह्या, जलसाकारांची बाडे, सभांची हस्तपत्रके कोणाच्या माळ्यावर आहेत, याची साधी यादीही आपण केलेली नाही. जेकबने चितांबोच्या गावी, प्रेत शेजारी असताना, यादी केली.

त्याचे पुढे काय झाले, ते थोडक्यात. वेस्टमिन्स्टर ॲबीत १८ एप्रिल १८७४ ला शवपेटी धरणाऱ्यांत तो एकटा काळा होता. नंतर तो आफ्रिकेला परतला आणि १८९२ साली उरांबो येथे मेला. नाशिकच्या इतर बऱ्याच आफ्रिकनांना पाद्री प्राइस यांनी १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनला नेऊन वसवले. तिकडे त्यांना 'बाँबे आफ्रिकन' म्हणत. मॅथ्यू वेलिंग्टन त्यांतलाच. तो १९३५ पर्यंत जगला.

चितांबोच्या गावच्या झाडाची गोष्ट राहिली. काळीज पुरल्यावर त्या झाडाच्या बुंध्यावर जेकबने अक्षरे कोरली. वर लिव्हिंगस्टनचे नाव आणि ४ मे ही तारीख. वॉलरच्या पुस्तकाने मृत्यूची तारीख १ मे ठरवली आणि जगाने ती मानली. झाडावरची तारीख मृत्यूची, की पुरण्याची, की तांड्याच्या दिवसांच्या हिशेबाची, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. तारखेखाली आणखी तीन नावे आहेत, आणि ती तांड्यातल्या माणसांची आहेत. त्यांत मनुआ सेरा आणि चौपेरे हे तांड्याचे नाईक ओळखू येतात. लंडनच्या संगमरवरी शिळेवर जी नावे नाहीत, त्यांतली काही त्या सालीवर होती. झाड मरू लागले म्हणून १८९९ साली ते तोडले आणि कोरलेला तुकडा लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेला. त्यावर जेकबने स्वतःचे नाव घातलेले नाही.